आपली प्राथमिक शाळा : तिचा उगम व तिचा हेतु

ज्युबिलीच्या या स्मरणग्रंथांत देवालयाच्या बांधणीचा, वेदींचा, घंटांचा व आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिलाच असेल. प्रस्तुत लेखकाकडे संपादकांनीं शाळेचा विषय सोंपविला आहे. विषय लहान दिसतो. लहान मुलांचाच तो आहे. परंतु या मुंबईच्या बेटांत व साष्टी-वसईच्या किनाऱ्यावर आपला धर्म टिकून राहिला तो दगडी भिंतींमुळें, कीं देवालयाच्या ओसरीवर बसून प्रार्थना घोकणाऱ्या मुलांमुळें, हा प्रश्न जुना इतिहास वाचणारास पडल्यावांचून राहत नाहीं. माझें उत्तर मुलांच्या बाजूचें आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं थोडें दूरवर जावें लागेल. परंतु निघावयाचें आहे तें आपल्या जवळच्याच एका ठिकाणाहून.

कुलाब्याच्या बाजूस कफ परेडवर आज उंच इमारतींची रांग उभी आहे. कफ परेड हें नांव सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमधील टी. डब्ल्यू. कफ या साहेबांवरून पडलें. कुलाबा हें नांव मात्र त्याहून कितीतरी जुनें, आणि तें कोळ्यांवरून आलें असें जाणते सांगतात. १८३८ सालीं बांध पुरा होऊन कुलाबा मुंबईस जोडला गेला. त्यापूर्वीं तें भरतीच्या वेळीं वेगळें पडणारें बेट होतें. पुढें समुद्र हटवून जमीन केली गेली, जमिनीवर हवेल्या उठल्या, आणि ज्यांचा तो समुद्र होता ते कांठावर राहिले. त्यांच्याच वस्तीला मच्छीमार नगर म्हणतात. सकाळीं तेथें गेलें तर होड्या किनाऱ्यास लागलेल्या, जाळीं पसरलेलीं, बाया पाट्या घेऊन निघालेल्या, आणि या सर्वांमधून पाठीस दप्तर लावलेलीं मुलें वाट काढीत चाललेलीं दिसतात. हिंदु कोळ्यांचीं मुलें आणि आपलीं मुलें एकाच वाळूंत वाढतात. यांतल्या मुलासाठीं ख्रिस्ती प्राथमिक शाळा कशाला असावी? त्याला कोणता लाभ द्यावा म्हणून आपल्या वाडवडिलांनीं ती काढली? शाळेच्या वार्षिक समारंभांत या प्रश्नाचें उत्तर अनेक वेळां दिलें जातें. परंतु तें उत्तर आणि इतिहासानें दिलेलें उत्तर यांत कांहीं अंतर आहे, असें मला वाटतें.

हिंदुस्थानांतील आपल्या शाळेचा उगम शोधूं गेलें तर तो मच्छीमारांच्याच किनाऱ्यावर सांपडतो. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. तेथें ते हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत व मुलांना देवालयांत बोलावून नेत. त्याच वर्षीं ते दक्षिणेस मोतीं काढणाऱ्या परवर लोकांकडे गेले. या दर्यावर्दी लोकांना कांहीं वर्षांपूर्वींच बाप्तिस्मा मिळालेला होता. परंतु बाप्तिस्मा देणारे निघून गेले आणि शिकविणारा कोणी राहिला नाहीं. आपण ख्रिस्ती आहों एवढेंच त्यांना ठाऊक, त्यापलीकडे कांहीं नाहीं. संतांना तामिळ येत नव्हतें. त्यांनीं दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारीं माणसें गांठलीं, क्रूसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, श्रद्धेचीं कलमें व दहा आज्ञा यांचें तामिळ करवून घेतलें, तें स्वतः मुखोद्गत केलें, आणि मग घंटा वाजवून मुलांना जमविलें. जो शिकवावयास आला होता तोच प्रथम शिष्य झाला व मुलांच्या भाषेचे धडे गिरवूं लागला. आमच्या आजच्या गुरुजनांनीं हें चित्र डोळ्यांपुढें आणावें.

पुढचा भाग मला याहूनही मोलाचा वाटतो. जानेवारी १५४४ मधील आपल्या पत्रांत संतांनीं लिहिलें आहे कीं, शाळेंत जें शिकविलें तें घरीं जाऊन आईबापांना, घरच्या माणसांना व शेजाऱ्यांना शिकवावें, असें ते मुलांना सांगत. आजाऱ्यांकडून बोलावणीं येत, आणि सर्वांकडे स्वतः जाणें शक्य नसे, तेव्हां ते मुलांनाच पाठवीत. मुलें आजाऱ्याच्या अंथरुणापाशीं उभीं राहून प्रार्थना म्हणत. आमच्या पहिल्या शाळेंतला विद्यार्थी म्हणजे परीक्षेस बसणारा उमेदवार नव्हता. तो आपल्या घरचा शिक्षक होता.

संत पुढच्या गांवास जात तेव्हां मागें गांवांतलाच एक माणूस शिकविण्यासाठीं नेमीत व त्याला पगार देत. तो पगार आला कोठून, याची हकीकत मौजेची आहे. त्या किनाऱ्यावरून चार हजार फनम पोर्तुगालच्या कॅथरीन राणीच्या पादत्राणांच्या खर्चासाठीं म्हणून वसूल होत असत. संतांनीं राणीस लिहून ती रक्कम मुलांच्या शिक्षकांसाठीं मागून घेतली. शाळेच्या खर्चाचा प्रश्न निघाला कीं फंड नाहीं, फंड नाहीं असें आपण म्हणतों, तेव्हां मला नेहमी या राणीच्या जोड्यांची आठवण होते.

आपल्या भागाकडे वळावयाचें तर २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथच्या सुलतान बहादुरशहानें वसई, साष्टी व मुंबईचीं बेटें पोर्तुगीजांस दिलीं, तेथून आरंभ करावा लागतो. फ्रान्सिस्कन, जेझुइट व इतर संघांचे साधु आले, देवालयें उभीं राहिलीं आणि देवालयाच्या सांवलींत शाळा बसली. फ्रान्सिस्कन फादर आंतोनियु द पोर्तु यांनीं साष्टींतील मंडपेश्वर येथें अनाथ मुलांसाठीं विद्यालय चालविलें. या काळाचें सर्वच कांहीं आज आपण अभिमानानें सांगूं असें नाहीं. मंडपेश्वरचीं लेणीं दुसऱ्या धर्माचें पूजास्थान होतें. तें घेऊन त्याचें प्रार्थनागृह केलें गेलें. सत्तेच्या बळावर उभा राहिलेला धर्म आणि प्रीतीनें शिकविलेला धर्म यांची सरमिसळ त्या शतकांत फार झाली. जुबिलीच्या आनंदांतही हें प्रांजळपणें लिहून ठेवावें. मुलांना खरें बोलावयास शिकविणाऱ्या शाळेच्या इतिहासाला तें शोभतें. पण त्याच गांवोगांवच्या देवालयांत एक साधा माणूस असे, पोर्तुगीज ज्याला मेस्त्रे म्हणत. तो मुलांना प्रार्थना, अक्षरें व गाणें शिकवी. पुढें कारभार बदलले, साधु गेले, तरी हा माणूस ज्या गांवीं राहिला तेथें आपला धर्मही राहिला.

मातृभाषेच्या बाबतींत त्या काळीं जो उंच दिवा लागला तो गोव्याकडील साष्टींत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांतले, २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोंचले, आणि उरलेलें आयुष्य त्यांनीं तेथेंच घालविलें. जुनीं पुराणें सुटलीं, त्यांच्या जागीं आम्हीं वाचावें असें कांहीं तुम्हीं दिलें नाहीं, अशी नव्या ख्रिस्ती लोकांची तक्रार होती. तिचा उल्लेख त्यांच्या ग्रंथाच्या आरंभींच आहे. त्या तक्रारीस उत्तर म्हणून या परदेशी साधूनें मराठी ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें व तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें. त्यांनींच लहानांसाठीं कोंकणींत दौत्रिना क्रिस्तां हें प्रश्नोत्तरांचें पुस्तक लिहिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं निघालें. एक थोरांसाठीं, एक पोरांसाठीं. ग्रामगुरूला याहून अधिक काय हवें होतें?

परंतु दिवा लावणारे एक आणि विझविणारे दुसरे. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं तेथील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. फर्मानानें भाषा मेली नाहीं, हें खरें. पण जी भाषा मुलाच्या घरांत आहे ती शाळेंत नको, हा विचार तेव्हां एकदां शिरला तो पुनःपुन्हां नवीन वेष घेऊन येत राहिला. आजही तो आपल्यामध्यें आहे. फक्त त्याला आतां फर्मानाची गरज उरलेली नाहीं.

मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजेनें वसई घेतली. पोर्तुगीज धर्मगुरु बहुतेक निघून गेले. देशी धर्मगुरूंनीं उरलेल्या देवालयांचा भार उचलला. धर्मगुरु थोडे, गांवें अनेक. अशा स्थितींत शिक्षणावांचून राहिलेल्या लोकांचें काय होतें, याची एक दुःखद नोंद ठाणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत आहे. १८२०-२१ च्या सुमारास पटकीची भयंकर सांथ आली. देवी कोपली असें वाटून कित्येक ख्रिस्ती कोळी कुटुंबें पुन्हां जुन्या दैवतांकडे गेलीं. त्यांना दोष देण्याचा आपणांस अधिकार नाहीं. आजाऱ्याच्या उशाशीं उभा राहून प्रार्थना म्हणणारा मुलगा त्यांच्या घरांत नव्हता, कारण त्याला शिकविणारा कोणी नव्हता. परवरांच्या किनाऱ्यावर संतांनीं जें पाहिलें तेंच तीन शतकांनीं येथें दिसलें.

याच सुमारास दुसऱ्या पंथाचे लोक मुंबईंत काय करीत होते, तेंही सांगितलें पाहिजे. अमेरिकन मिशनचे पाद्री १८१३ सालीं आले, १८१५ सालीं त्यांनीं मराठी शाळा काढली व १८२४ सालीं मुलींची शाळा सुरू केली. आपले लोक त्या वेळीं मागें पडले, आणि त्याचें एक मोठें कारण घरांतलेंच होतें. पोर्तुगालच्या राजाच्या हक्कांतले बिशप खरे कीं रोमहून नेमिलेले खरे, या वादांत आपल्या धर्मग्रामांची शक्ति पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडली. हा दुहेरी कारभार मुंबईंत १९२८ सालपर्यंत पुरता मिटला नाहीं. वादांची कागदपत्रें कपाटें भरून आहेत. त्या दिवसांतल्या मुलांच्या पाट्या कोणी जपून ठेविल्या नाहींत.

बिशप अनास्टेसियस हार्टमन यांच्या कारकीर्दींत चक्र फिरलें. या स्विस कॅपुचिन साधूनें १८५० मध्यें येथें कॅथॉलिकांचें एक्झामिनर पत्र सुरू केलें आणि शिक्षणासाठीं जेझुइट फादरांना मुंबईंत आणविलें. १८५४ च्या सर चार्ल्स वुड यांच्या खलित्यानें खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली होती. वांद्र्याचें सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ सालचें, माझगांवचें सेंट मेरीज १८६४ सालचें, सेंट झेवियर्स १८६९ सालचें. सिस्टरांनीं मुलींच्या शाळा चालविल्या. या संस्थांची कीर्ति सर्वांना ठाऊक आहे, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं.

त्यांनीं आपणांस काय दिलें, हें मात्र कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. इंग्रजी आली तेव्हां गोदी, रेल्वे, कस्टम व सरकारी कचेऱ्या यांचीं दारें उघडलीं. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या लोकांनीं बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली, तिच्या मुळाशींही नोकरीचा व ओळखीचाच प्रश्न होता. भाकरीचा हेतु हलका मानणारा मी नव्हे. ज्या शाळेंतून निघालेल्या मुलाला पोट भरतां येत नाहीं ती शाळा त्याच्या आईस फसविते. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें, त्यांतला मुद्दा हाच होता कीं सरकार वरच्या वर्गांच्या शिक्षणावर पैसा घालतें व गोरगरिबांच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा करतें. तो मुद्दा सरकारास जितका लागू होता तितकाच आम्हां ख्रिस्ती लोकांसही लागू होता. आपल्या मोठ्या शाळा मोठ्या होत गेल्या, आणि देवालयाच्या ओसरीवरची मराठी शाळा एकेका गांवांतून नाहींशी होऊं लागली. कोणी ती मुद्दाम बंद केली नाहीं. तिच्याकडे लक्ष देण्यास कोणाला वेळ उरला नाहीं, इतकेंच.

शाळेच्या हेतूविषयीं पवित्र धर्मसभेनें आपलें मत झांकून ठेविलेलें नाहीं. ३१ डिसेंबर १९२९ रोजीं पोप अकरावे पायस यांनीं ख्रिस्ती शिक्षणावर परिपत्रक काढलें. या जगांत माणसानें कसें असावें व काय करावें, आणि त्यायोगें ज्या परमगतीसाठीं तो निर्मिला गेला तीस कसें पोंचावें, यासाठीं त्याला घडविणें हें शिक्षण, असा त्याचा आशय आहे. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं शिक्षणाविषयीं घोषणा केली, तींत दोन गोष्टी ठळक आहेत. पहिली, आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक. दुसरी, कॅथॉलिक शाळांनीं विशेष काळजी वाहावयाची ती संपत्तीनें गरीब असलेल्यांची, कुटुंबाच्या आधारास मुकलेल्यांची व ज्यांना श्रद्धेचें दान मिळालेलें नाहीं अशांची. हें वाक्य शाळांच्या माहितीपत्रकांत मला क्वचितच आढळलें.

यांतील शेवटच्या शब्दांकडे पाहा. ख्रिस्ती शाळा केवळ ख्रिस्ती मुलांसाठीं नाहीं. स्वतंत्र हिंदुस्थानच्या राज्यघटनेनें अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क ३० व्या कलमानें दिला, आणि २८ व्या कलमानें असेंही ठरविलें कीं सरकारमान्य किंवा सरकारी मदतीच्या शाळेंत पालकाच्या संमतीवांचून मुलाला धर्मशिक्षणास बसवूं नये. हीं दोन्ही कलमें मला न्यायाचीं वाटतात. मच्छीमार नगरांतल्या हिंदु कोळ्याच्या मुलाला आपल्या शाळेंत क्रूस दिसावा, पण तो त्याच्यावर लादला जाऊं नये. त्याला तेथें जें मिळावें तें हें : खोटें न बोलणारा शिक्षक, ज्याच्या कपड्यांना सुक्या माशांचा वास येतो त्यालाही पहिल्या बांकावर बसविणारी बाई, आणि आपल्या बापाचा धंदा वर्गांत आदरानें उच्चारिला जातो हा अनुभव. प्रभूनें आपले पहिले शिष्य जाळीं धूत असलेल्या माणसांतून निवडले, हें धर्मशिक्षणाच्या तासाला सांगावयाचें आणि गणिताच्या तासाला कोळ्याच्या मुलास मागें बसवावयाचें, हें चालावयाचें नाहीं. वेळ, लाट, वारा, भरती-ओहोटीचा हिशेब हीं त्या मुलाला घरूनच येतात; पहिल्या इयत्तेच्या गुरुजींनीं त्यावरून आरंभ केला तर किती सोपें होईल!

आतां एक प्रसंग लिहितों. शाळेचें नांव येथें नको. ती एकटीच तशी आहे असेंही नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मच्छीमार नगरांतली आपल्याच धर्मग्रामांतली एक मासे विकणारी बाई मुलाला घेऊन दाखल्यासाठीं गेली होती. मी दुसऱ्या कामानें तेथेंच बसलों होतों. टेबलामागून इंग्रजींत विचारणा झाली. तिनें मराठींत उत्तर दिलें. पुन्हां इंग्रजींत विचारणा झाली, जरा मोठ्यानें, जणूं कांहीं तिला ऐकूं कमी येत होतें. मग सौम्य शब्दांत सांगण्यांत आलें कीं घरीं इंग्रजी वातावरण नसल्यामुळें मुलास येथें जड जाईल. बाईनें कागद घडी करून कमरेला खोंवले व ती उठली. मुलाच्या गळ्यांत मरियाबाईचें पदक होतें. मी बोललों नाहीं, हें मला अजून खुपतें.

पालकांची अशी पारख करून मुलें घेऊं नयेत असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत आहे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेविल्या. आपला हक्क शाबूत राहिला, हें ठीक झालें. परंतु हक्क ज्यासाठीं मागितला त्या मुलालाच दारांतून परत पाठविण्यासाठीं तो नव्हता. २०२० सालीं महाराष्ट्र सरकारनें सर्व शाळांत मराठी सक्तीनें शिकविण्याचा कायदा केला, तेव्हां आपल्यांतल्या कित्येकांनीं कपाळास आठ्या घातल्या. ख्रिस्तपुराण लिहिणाऱ्या इंग्रजाच्या धर्मबंधूंना मराठीची सक्ति व्हावी लागली!

इंग्रजी नको असें मी म्हणत नाहीं. ती हवीच, मच्छीमार नगरांतल्या मुलालाही हवी, आणि ती त्याला चांगली यावी. पण ती त्याला वरच्या पायरीवर चढवावयास यावी, दारांत अडवावयास नव्हे. पहिल्या दोन-तीन इयत्तांत मुलाशीं त्याच्या आईच्या भाषेंत बोललें, तर धर्मशिक्षणांतली प्रार्थना तो घरीं नेऊं शकेल. नाहींतर ती शाळेच्या भिंतींतच राहील, आणि घरांत तिला समजणारें कोणी असणार नाहीं. पूर्वीं मेस्त्रे होता. आज आपल्या धर्मग्रामांत निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत, सायंकाळीं रिकामें असणारें सभागृह आहे, आणि ज्युबिलीसाठीं जमलेल्या वर्गणींतून रोषणाईच्या खात्यावर बरीच रक्कम लिहिलेली मीं पाहिली आहे. ती रक्कम राणीच्या जोड्यांपेक्षां फार वेगळी नसावी. कार्यकारी मंडळाच्या येत्या सभेपुढें मी या अर्थाची सूचना लेखी ठेविली आहे : मच्छीमार नगरांतील मुलांसाठीं, मग तीं कोणत्याही धर्माचीं असोत, आठवड्यांतून चार सायंकाळीं मराठी वाचन, गणित व इंग्रजी यांचा वर्ग काढावा, आणि शिकविणारीस पगार द्यावा.

त्या बाईचा मुलगा पुढें पालिकेच्या शाळेंत गेला. गेल्या पावसाळ्यांत होड्या बंद असतां मी त्यांच्या घरीं गेलों, त्याची आजी अंथरुणास खिळली होती म्हणून. घरांत शिरतांना रोजरी चालू असल्याचें ऐकूं आलें. मराठींत, एकहि शब्द न अडखळतां. म्हणत होता तो मुलगा. हें तुला कोणी शिकविलें असें मीं त्याला विचारलें, तेव्हां त्यानें माळ हातांतून न सोडतां म्हातारीकडे बोट दाखविलें.